घरी जुळवायचा पहिला संगणक : मदरबोर्ड कोणता घ्यावा?



गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. हल्ली तो कारंजा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मुलगी यंदा दहावीला. चहा होईपर्यंत पीकपाण्याचे बोलणे झाले, आणि मग त्याने खिशातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. नागपूरच्या एका दुकानातून आणलेला तो भावाचा कागद होता.

"सर, घरी कॉम्प्युटर जुळवाचा आहे," तो म्हणाला. "पस्तीस हजार बाजूला ठेवले. कापूस विकला, त्यातले. प्रोसेसर तं ठरवला, पण हे मदरबोर्डचं काही समजून नाही राह्यलं. पाच हजाराचाबी आहे अन् पंचवीस हजाराचाबी. दिसाले तं सारे सारखेच!"

मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. संगणकशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. परंतु गेल्या काही वर्षांत स्वतःचा, मेहुण्याचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मिळून पाच संगणक मी घरच्या टेबलावर जुळवले आहेत, आणि पहिल्याच वेळी चांगली ठेच खाल्ली आहे. त्या दिवशी त्याला जे सांगितले, तेच आज आपणाला सांगणार आहे. तयार संगणक घेण्याऐवजी सुटे भाग आणून जुळवण्यात मोठा लाभ हा की, एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, आणि आज पैसा कमी असला तर एखादी वस्तू पुढल्या हंगामावर टाकता येते. पण हा लाभ मिळतो की नाही, हे बव्हंशी मदरबोर्डवर अवलंबून असते.

आता मदरबोर्ड म्हणजे काय? संगणकाच्या पेटीची बाजू उघडली की आत तळहातापेक्षा बरीच मोठी अशी एक पाटी स्क्रूने बसवलेली दिसते. तिच्यावर तांब्याच्या बारीक रेषांचे जाळे असते. हिशेब करणारा तो प्रोसेसर, चालू काम हाताशी ठेवणारी ती रॅम, कायमचे साठवून ठेवणारी ती एसएसडी. ही सारी मंडळी या पाटीवर येऊन बसतात आणि एकमेकांशी बोलतात ती तिच्याच रेषांवरून. १९७६ साली अॅपल कंपनीने आपला पहिला संगणक विकावयास काढला, तेव्हा गिऱ्हाइकाच्या हाती पडत होती ती केवळ जुळवलेली पाटी. पेटी, कळफलक, वीजपुरवठा आणि पडदा ज्याचा त्याने पाहावयाचा. म्हणजे पाटी हाच संगणक, बाकीचा सरंजाम तिच्याभोवतीचा, असे त्या लोकांनी धरले होते. मला ते पुष्कळसे पटते.

आपल्या जिल्ह्यातील उदाहरण द्यायचे तर मदरबोर्ड म्हणजे सेवाग्रामचे जंक्शन. मुंबईहून हावड्याकडे जाणारा मार्ग आणि दिल्लीहून चेन्नईकडे जाणारा मार्ग तिथे भेटतात. स्वतः जंक्शन कुठे जात नाही. पण कोणती गाडी कुठल्या फलाटावर येईल आणि एका वेळी किती गाड्या उभ्या राहतील हे तेच ठरवते. मदरबोर्डवरील हे स्टेशनमास्तरचे काम चिपसेट नावाची एक चकती करते. पाटीच्या नावात एच ६१०, बी ७६०, बी ५५० अशी जी अक्षरे-आकडे असतात, ते या चिपसेटचे नाव.

आणि जंक्शनइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे रुळांची रुंदी. पुलगाव-आर्वीची छोटी गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल. पुलगावला मोठ्या लाइनच्या गाड्या येत आणि तिथूनच आर्वीची छोटी लाइन निघे. स्टेशन एक, पण मोठ्या गाडीचा डबा छोट्या रुळांवर कोणी चढवू म्हटले तर चढणार नाही. ती छोटी गाडी आता बंद झाली आहे. परंतु संगणकाच्या दुकानात हा रुळांचा प्रश्न रोज उभा राहतो. प्रोसेसर ज्या चौकोनी बैठकीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेल कंपनीच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांचे सॉकेट एलजीए १७००. २०२४ च्या अखेरीस आलेल्या नव्या प्रोसेसरांचे एलजीए १८५१. एएमडी कंपनीचे जुने सॉकेट एएम ४, २०२२ मध्ये आलेले नवे एएम ५. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. रॅमचेही तसेच. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या दोन जातींच्या पट्ट्यांवरील खाच मुद्दामच वेगवेगळ्या जागी ठेवलेली आहे, म्हणजे चुकूनही एकीच्या जागी दुसरी बसू नये. त्यातही गंमत अशी की, बी ७६० या एकाच चिपसेटच्या काही पाट्या डीडीआर ४ च्या असतात, काही डीडीआर ५ च्या. खोक्यावरचे बारीक अक्षर वाचल्याशिवाय कळत नाही.

म्हणून प्रोसेसर अगोदर घेऊन टाकला आणि पाटी मागाहून पाहू, असे करू नये. सोयरीक दोघांची एकदमच जुळवावी.

आता माझी ठेच सांगतो. गोष्ट २०१९ च्या पावसाळ्यातली. एएमडीचा रायझन ५ ३४००जी हा प्रोसेसर नुकताच, त्याच जुलैत, निघाला होता. तो मी एका दुकानातून घेतला आणि दुसऱ्या दुकानात दोनशे रुपये कमी पडत होते म्हणून मदरबोर्ड तिथून घेतला; बी ४५० चिपसेटचा, आदल्या वर्षी निघालेला. सॉकेट दोहोंचे एएम ४ च. बसले अगदी व्यवस्थित. रविवारी सकाळी आंघोळ करून, जणू गणपती बसवायचा आहे अशा थाटात मी बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडदा काळाच्या काळा!

नागपूर आमच्याहून पाऊणशे किलोमीटर. बसने तीन खेपा झाल्या. एकाने सांगितले रॅम खराब आहे. नवी रॅम घेतली, पडदा काळाच. दुसऱ्याने प्रोसेसरवर ठपका ठेवला. पाटीवाल्याने तर खोके उघडले आहे एवढ्याच कारणावरून हात झटकले. शेवटी वर्ध्यातच दुरुस्तीचे लहानसे दुकान चालवणाऱ्या एका तरुणाकडे गेलो. त्याने माझा प्रोसेसर काढला, आपल्या कपाटातला एक जुना बसवला, पेनड्राइव्ह लावला, दहा मिनिटे काहीतरी केले आणि माझा प्रोसेसर परत बसवला. पडदा उजळला.

झाले होते ते असे. प्रत्येक पाटीवर बायोस नावाचा एक छोटा कार्यक्रम कारखान्यातूनच घातलेला असतो. वीज येताच तो जागा होतो आणि कोण कोण हजर आहे याची हजेरी घेतो. माझी पाटी आदल्या वर्षीची, म्हणून तिच्या हजेरीपटात या नव्या विद्यार्थ्याचे नावच नव्हते. बसायला जागा होती, पण गुरुजी ओळख द्यायला तयार नव्हते. बायोस नवा घातला, नाव चढले, काम संपले. कुठलाच भाग खराब नव्हता. दोनशे रुपये वाचवायला जाऊन मी एक जादा रॅम आणि सहा वेळचे बसभाडे गमावून बसलो होतो.

तेव्हा दुकानात उभे असतानाच मोबाइलवर त्या पाटीच्या कंपनीचे पान उघडावे. प्रत्येक पाटीच्या पानावर, कोणता प्रोसेसर बायोसच्या कोणत्या आवृत्तीपासून चालतो, याची यादी असते. आपला प्रोसेसर तीत शोधावा, आणि दुकानदाराला म्हणावे, "भाऊ, बायोस नवा करून द्या, अन् एकदा इथंच चालू करून दाखवा." पाटी आणि प्रोसेसर एकाच दुकानातून, एकाच बिलावर घेतले म्हणजे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहतो. काही पाट्यांवर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हने बायोस बदलण्याची सोय असते. खेड्यात राहणाऱ्या माणसाला ही सोय रंगीबेरंगी दिव्यांपेक्षा शतपटीने उपयोगी.

आता थोडे कडू बोलतो. त्या कागदावर माझ्या विद्यार्थ्याने दुसरा एक पर्याय लिहून आणला होता. 'आय-७ कॉम्प्युटर, नवा मदरबोर्ड, फक्त दहा हजार.' आय-७ हे नाव मोठे, भाव लहान. कोणाचेही मन ओढले जाईल. मी विचारले, चिपसेट कोणता? कागदाच्या कोपऱ्यात होते, एच ६१. श्रोतेहो, हा चिपसेट २०११ सालचा. त्यावर बसणारे प्रोसेसर इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे, म्हणजे २०११-१२ चे. कचेऱ्यांतून निघालेले जुने प्रोसेसर आणि त्यांच्यासाठी नव्याने छापलेल्या एच ६१ च्या पाट्या, अशी ही जोडी आपल्या बाजारात अजून विकली जाते. पाटी नवी असते हे खरे, पण जात जुनी. रॅम जुन्या डीडीआर ३ जातीची, तीही सोळा जीबीपर्यंतच. विंडोज १० ची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, आणि विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. तिसऱ्या पिढीचा आय-७ त्या नियमात बसत नाही. शिवाय बाराव्या पिढीचा साधा आय-३ त्याच्यापेक्षा वेगाने काम करतो. नाव आय-७ आहे की आय-३ आहे यापेक्षा पिढी कितवी, हे विचारावे. बैल घेताना आपण दात मोजतोच ना!

मात्र न्याय करायला हवा. ज्याला केवळ प्रश्नपत्रिका टाइप करायच्या आहेत, शाळेचे तक्ते करायचे आहेत, त्याने जुन्या संगणकावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घातली, तर तो अजून काही वर्षे बरे काम देईल. मराठी टंकलेखनही उत्तम होते. माझ्या मेहुण्याचा असाच चालला आहे. पण त्याने तो जुना म्हणून, जुन्याच्या भावाने घेतला. जुने ते नवे म्हणून घेणे, त्यात फसवणूक आहे.

इथे मला वर्ध्याच्या मगन संग्रहालयाची आठवण होते. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते ते उघडले गेले. तिथे चरखे पाहताना मला नेहमी १९२९ मधली ती स्पर्धा आठवते. चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्यासाठी घातलेल्या अटी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचाव्या अशा आहेत. सूत किती निघावे, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, एवढ्यावर ते लोक थांबले नाहीत. यंत्र किमान वीस वर्षे चालले पाहिजे, आणि वर्षाकाठी सुट्या भागांचा खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक होता कामा नये, असेही त्यांनी लिहून ठेवले. संगणकाची पाटी वीस वर्षे टिकवा असे मी म्हणणार नाही. पण पाटी हातात घेतली की मी हाच प्रश्न विचारतो. तीन वर्षांनी हिच्यात काय बिघडेल, आणि ते बदलायला मला कुठे जावे लागेल?

या कसोटीवर पाहू लागले की पुष्कळ गोष्टी आपोआप निवडल्या जातात. असूस, गिगाबाइट, एमएसआय, एएसरॉक या नावाजलेल्या कंपन्या तैवानच्या. पाट्या साऱ्यांच्याच बऱ्या असतात. त्यांपैकी जिचे दुरुस्ती केंद्र आपल्याला बसने गाठता येईल, ती आपली. हमी बहुधा तीन वर्षांची असते. बिलावर पाटीचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. आणखी एक. इंटेलच्या पाटीत सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक शेकडो पिना असतात. एक जरी वाकली तरी पाटी आंधळी होते, आणि वाकलेल्या पिनेला हमी लागू होत नाही. म्हणून खोके उघडताच दुकानदारासमोर मोबाइलचा दिवा धरून त्या पिना पाहाव्या, फोटो काढावा. सॉकेटवरचे प्लॅस्टिकचे झाकण फेकू नये. पाटी परत पाठवायची वेळ आलीच तर ते मागतात.

मग आपला वैदर्भी उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, आणि कौलारू घरात, टिनाखाली तर विचारूच नका. प्रोसेसरला वीज बेताने पोचवणारे भाग सॉकेटच्या बाजूला असतात आणि तेच सर्वांत आधी तापतात. अगदी स्वस्त पाटीवर ते उघडेच असतात. थोडे अधिक पैसे दिले की त्यांच्यावर धातूचे जाड पंखे बसवलेले मिळतात. चैनीच्या दिव्यांवर पैसा घालू नका, पण या धातूच्या तुकड्यासाठी घाला. आय-३ सारख्या थंड प्रकृतीच्या प्रोसेसरला ते नसले तरी एक वेळ चालेल; पुढे मोठा प्रोसेसर घालण्याचा विचार असेल तर मात्र हवेच. ज्यांच्या घरात कापूस साठवलेला असतो त्यांनी पंख्यांवर रुई बसते हे ध्यानात ठेवावे. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने झाडावी, पंख्याचे पाते बोटाने धरून. पाटीबरोबर पत्र्याची एक छिद्रांची पट्टी मिळते. ती पेटीच्या मागच्या खिडकीत बसवायची असते. पुष्कळ जण तिला बिनकामाची समजून टाकून देतात, आणि मग त्या खिडकीतून पाल आत शिरते. मी एका पाटीवर पालीची अंडी पाहिली आहेत!

विजेचेही तसेच. पेटीबरोबर फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर चांगली पाटी चालवणे म्हणजे नव्या इंजिनात रॉकेल घालण्यासारखे आहे. आणि घरात अर्थिंग खरे आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. तीन छिद्रांचा प्लग भिंतीवर असतो, तिसरी तार कुठेच गेलेली नसते. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला विसरू नये.

दुकानात पाहावयाच्या बारीक गोष्टी अजून दोन-तीनच. आपल्या प्रोसेसरच्या नावापुढे इंग्रजी 'एफ' हे अक्षर असेल, तर त्याला चित्र दाखवण्याची अंगची शक्ती नसते. पाटीच्या मागे एचडीएमआयचे तोंड असूनही पडद्यावर काही उमटणार नाही, वेगळे ग्राफिक्स कार्ड लागेल. शाळेतल्या जुन्या प्रोजेक्टरला जोडायचे असेल तर पाटीवर व्हीजीएचे निळे तोंड आहे की नाही पाहावे. वायफाय स्वस्त पाट्यांवर नसते. त्याने अडत नाही, मोबाइल यूएसबीच्या वायरने जोडला की इंटरनेट मिळते. आणि आकार. मोठी एटीएक्स, मधली मायक्रो एटीएक्स. पेटी मोठी असली तर दोन्ही बसतात, कारण स्क्रूच्या जागा १९९५ साली ठरलेल्या मापाला धरून आहेत. मधली घ्यावी, स्वस्त पडते आणि आपल्याला पुरते.

माझ्या विद्यार्थ्याने शेवटी एक शंका काढली. "सर, घरी जुळवलेला टिकते का? लोक म्हणतात कंपनीचाच घ्या." मी त्याला परमची गोष्ट सांगितली. अमेरिकेकडून महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. तिचे प्रमुख विजय भटकर हे आपल्याच विदर्भातले, अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे छोटे छोटे प्रोसेसर आणून, ते एकत्र जोडून त्यांनी १९९१ मध्ये परम ८००० तयार केला. तोही जुळवलेलाच होता! विद्यार्थी हसला.

मग आम्ही दोघांनी मिळून तो कागद नव्याने लिहिला. एएम ५ ची पाटी घेतली असती तर पुढे नवे प्रोसेसर घालायला अधिक वाव राहिला असता, हे मी त्याला सांगितले. पण तिला डीडीआर ५ रॅमच लागते, आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की पस्तीस हजारांत तो हिशेब बसेना. त्याच्या शेजारच्या मास्तरांकडे डीडीआर ४ ची आठ जीबीची एक पट्टी पडून होती. तिनेच निकाल लावला. बाराव्या पिढीचा, 'एफ' नसलेला आय-३, एच ६१० ची, डीडीआर ४ ची मायक्रो एटीएक्स पाटी, पाचशे जीबीची एसएसडी, बरा एसएमपीएस. पडदा म्हणून घरचा टीव्ही. पाटीवर रॅमच्या दोन खाचा आहेत, त्यांतली एकच भरली. याच सॉकेटमध्ये पुढे चौदाव्या पिढीचा आय-५ बसू शकेल.

जुळणी त्याच्या घरी ओसरीवर झाली. पाटीखालचे पितळी टेकू मुलीने मोजून बसवले. एक टेकू चुकीच्या भोकात होता, तो तिनेच हेरला. तसाच राहिला असता तर पाटीच्या मागे टेकून शॉर्ट झाले असते. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून पेटीच्या उघड्या पत्र्याला मधूनमधून हात लावायला मी तिला सांगितले होते. ती दर वेळी लावी, आणि बापालाही लावायला लावी. संध्याकाळी बटण दाबले तेव्हा लाइट नव्हती. आठ वाजता आली.

परवा त्याचा फोन आला होता. मुलीची परीक्षा झाली. रॅमची दुसरी खाच भरायची आहे, पण भाव अजून उतरले नाहीत, तेव्हा थांबू का, असे विचारत होता. थांब म्हणालो.